मूल क्रमांक सतरा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त संशोधक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांनी सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे. हात कापतोय तो वयामुळे नाही, मी घाबरले आहे. भीतीने शरीरात काय काय वाढतं हे मोजण्यात अडतीस वर्षं गेली, त्यामुळे एवढं मला नक्की कळतं. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. तळमजल्यावरचं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. स्वयंपाकघरातला नळ जोर लावल्याशिवाय बंद होत नाही, हे तिला माहीत आहे.

२. माझा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेला. सोबत उंदरांच्या खोलीवरची पाटीही न्यावी: ‘हळू चाला, हळू बोला.’ उंदीर दचकला की त्याच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक चढतं आणि दिवसाचं काम फुकट जातं. त्या खोलीत मी कधी आवाज चढवला नाही. विद्यार्थी म्हणायचे, “बाई आमच्याशीही उंदरांच्या खोलीतल्यासारखं बोलल्या तर आमचं भलं होईल.”

३. माझ्या निबंधांवर स्वतःचं नाव आधी घालणाऱ्या माजी विभागप्रमुखांना माझी ऑफिसातली खुर्ची. तिचा एक पाय डुगडुगतो. बसण्याआधी त्यांना सांगू नये.

४. कपाटातल्या पाकिटाविषयी. चाळीस वर्षांपूर्वी मी सात वर्षांच्या चोवीस मुलांची लाळ त्याच संप्रेरकासाठी तपासली. आई किंवा वडील कामावरून घरी येण्याआधी एकदा आणि आल्यावर अर्ध्या तासाने एकदा, मुलाने कापसाचा बोळा तोंडात धरायचा. असं दहा संध्याकाळी. मला फक्त क्रमांक ठाऊक होते. नावांची यादी माझ्या मदतनिसाकडे, बंद पाकिटात. संशोधकाने आपल्याला हवं तेच बघू नये म्हणून तसा नियम असतो.

आलेखावर तेवीस मुलांच्या रेघा थोड्याफार हलल्या. क्रमांक सतराची, घरचं माणूस दारात आलं की, थेट वर जायची. दहाही संध्याकाळी. तो आलेख मी पंचवीस वर्षं व्याख्यानांत दाखवला आणि दर वेळी म्हटलं, “या घरात संध्याकाळी कोण येतं, ते एकदा बघायला हवं.” सभागृह हसायचं. मीही हसायचे.

गेल्या वर्षी मदतनीस पाकीट घेऊन आला. “बाई, माझी तब्येत अशी, हे तुमच्याकडे ठेवा. पण फोडू नका.” मी फोडलं. तेव्हा ऐन वेळी एक कुटुंब गळालं होतं, म्हणून त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. नवरा म्हणाला होता, “घे आमची. बोळा मी तिला आतल्या खोलीत गुपचूप देईन. हिला सांगू नकोस, नियमात बसत नाही म्हणून घर डोक्यावर घेईल.” नवरा आता नाही, त्याच्याशी भांडायचीही सोय उरली नाही.

सतरा म्हणजे माझी मुलगी. संध्याकाळी घरी यायचे ती मी.

मी तिच्यावर कधी हात उगारला नाही. पिशवी ठेवायची आणि वही मागायची. एक ओळ वाकडी दिसली की पान फाडायचं. “पुन्हा लिही. रडू नकोस, अक्षर बिघडतं.” तिचा हात थरथरायचा आणि मला तो आळस वाटायचा. त्याच हातांच्या थरथरीवर मी दिवसभर निबंध लिहून आलेली असायचे.

५. ~~सदर पाकीट न उघडता जाळावं.~~ (खोडलं आहे. सही.)

५ (सुधारित). सदर पाकीट माझ्या मृत्यूनंतर मुलीला द्यावं.

दुपारी हे वाचून माझे वकील म्हणाले, “मृत्यूनंतर कशाला? त्या रोज येतात ना?” येते. रोज सहाला, औषधं द्यायला. तिला हे कळेल याची मला भीती वाटते. त्याहून मोठी भीती ही, की तिला ते पहिल्यापासून माहीत असेल. तिची पावलं दारापर्यंत येतात आणि थांबतात. एक मिनिट, कधी दोन. मग बेल वाजते. मला वाटायचं, दम लागत असेल. पण आमच्या दाराला तीनच पायऱ्या आहेत.

६. म्हणून सुधारित कलमही रद्द. पाकीट आज, माझ्या हाताने दिलं जाईल. मी कच खाल्ली तर साक्षीदारांनी माझ्यादेखत ते तिच्या हातात ठेवावं.

७. मदतनीस साक्षीदार असल्याने त्याला काही ठेवता येत नाही. त्याच्यावरचा राग मात्र मी सोडत आहे.

स्थळ: घर, जेवणाचं टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, सायंकाळी ५ वाजून ५५ मिनिटे
लिहून देणार: (सही)

साक्षीदार १, डॉक्टर: (सही)

साक्षीदार २, मदतनीस: (सही)
बाईंनी आमच्या दोघांसमोर सही केली. तेवढ्यात बाहेर पावलं थांबली. बेल वाजायच्या आत बाईंनी उठून दार उघडलं. ताई दचकल्या, मागे सरकल्या. बाईंच्या हातात पाकीट होतं. उंदरांच्या खोलीत बोलायच्या तेवढ्याच हळू त्या म्हणाल्या, “आत ये. मलाही भीती वाटतेय.”