सरकती यादी

प्रिय ढब्बू,

हे नाव आता तुला शोभत नाही, ठाऊक आहे मला. गेल्या खेपेला तुला पाहिलं तेव्हा गालफडं बसली होती आणि शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. पण दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात केली की पेन अडतं, ऑफिसचं पत्र वाटायला लागतं. फोन तू ठेवत नाहीस. तुझ्या गोदामाच्या मुकादमाकडे निरोप ठेवला तर तो 'सांगतो, सांगतो' म्हणतो आणि पुढे काहीच होत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर गोड मानून घे, बोटांना सवय राहिलेली नाही.

आई बरी आहे. म्हणजे गुडघा सोडून बरी आहे. जिना उतरवत नाही, त्यामुळे दिवसभर खिडकीत बसते आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाचा निकाल लावते. हा पाय ओढत चालतो, ती नवऱ्याशी भांडून निघालेली दिसते, असं. तुझ्याबद्दल सरळ कधी विचारत नाही. 'त्या गावात गारठा फार असतो का गं?' असं विचारते. मी असतो म्हणते. मग ती कपाटातून तुझा जुना स्वेटर काढते, उन्हात टाकते आणि संध्याकाळी पुन्हा घडी घालून ठेवते. परवा मला म्हणाली, इतकी वर्षं तू नोकरी करतेस, पण नक्की काय करतेस ते मला अजून चारचौघांत सांगता येत नाही. शेजारच्या काकूंना तिने परस्पर सांगून टाकलंय की माझी मुलगी यंत्रांना माणसात आणते. खरं सांगू का, माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन मलाही कधी जमलं नव्हतं.

आपल्या जुन्या घरातला दिव्यांचा बोर्ड आठवतो? सगळी बटणं एकसारखी, एका रांगेत, शिपायांसारखी. पहाटे अंधारात बाबा पंखा बंद करायला जायचे आणि भक्कन दिवा लागायचा. सगळं घर जागं. मग बाबांची चिडचिड, की या घरात कुणाला कशाचं लक्ष नाही. जसा काही दिवा आपणच लावला होता. एकदा मी शाळेच्या शर्टाचं एक बटण तोडून पंख्याच्या खटक्यावर डिंकाने चिकटवलं. शर्टापायी आईच्या हातचा मार खाल्ला, पण त्यानंतर बाबांचा हात कधी चुकला नाही. आपला हात का चुकत नाही, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटलं, आपणच सुधारलो.

नोकरीत माझे पहिले साहेब होते ते मौनीबाबा. त्यांची गंमत मी तुला सांगितली असेलच. तिकिटं देणारं एक नवं यंत्र आलं होतं. एका खोलीत ते ठेवायचं, रस्त्यावरच्या माणसाला बोलावून म्हणायचं, घ्या बघू तिकीट काढून. आणि आम्ही काचेआडून बघत बसायचं. मौनीबाबांचा नियम एकच: मदत करायची नाही. जीभ वळवळली तर दाताखाली धरा, हात शिवशिवले तर मांडीखाली घ्या. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे शिंपी आले होते. त्यांनी पैसे टाकले, गावाचं नाव दाबलं आणि थांबले. यंत्रही थांबलं. खाली कोपऱ्यात एक फिकट चौकोन होता, तो दाबल्याशिवाय तिकीट येणार नव्हतं, आणि तो त्यांना दिसत नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि त्या लोखंडाच्या पेटीला म्हणाले, 'माफ करा हं.' मी काचेआड माझ्या दोन्ही हातांवर बसले होते. बोटं बधिर झाली होती.

त्यानंतर इतकी वर्षं मी हेच बघत आले. इस्पितळातल्या खाटा, लिफ्ट, पेट्रोलचे पंप, कपडे धुण्याची यंत्रं, कशाकशापुढे माणसं अडखळताना पाहिली. आणि सगळे एकच सांगतात. माझंच चुकलं, मला यातलं कळत नाही, वय झालं आता. वीस-बावीस वर्षांच्या पोरीसुद्धा वय झालं म्हणतात. यंत्राला कुणी नावं ठेवत नाही. मग मी वर जाऊन सांगते की बाबांनो, इथे दहातली सात माणसं ठेचकाळतात, तर दगड हलवा. इंजिनिअर म्हणतात, लोकांना नीट चालायला शिकवा. चहा येतो, माझे आभार मानले जातात आणि दगड तिथेच राहतो. अर्ध्या वेळा तरी हेच. कडू झाले आहे मी, असं ऑफिसात म्हणतात. कडू नाही, थकले आहे.

तुला रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. लहानपणी मी तापाने फणफणले की तू उशाशी बसून उगाच काहीबाही सांगत राहायचास आणि तुझ्या आवाजानेच बरं वाटायचं. घाबरलेल्या माणसाच्या कानाशी असा आवाज असावा, याहून चांगलं काय? आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून मी ती खोली कधी पाहिली नव्हती. तू जेवताना सांगायचास तेवढीच मला माहीत. पडद्यावर फोन करणाऱ्यांची यादी, ज्याचं दुखणं मोठं तो वर, ज्याचं लहान तो खाली, आणि ज्या ओळीवर बोट ठेवाल तिकडे गाडी निघते.

त्या रविवारचं तुला सांगायला नको. पण मला ते एकदा सरळ लिहू दे, कारण आपण दोघं ते कधीच सरळ बोललो नाही. दुपारची वेळ होती. एक आजोबा बाथरूममध्ये घसरले होते, शुद्धीवर होते, बोलत होते. आणि एका शाळेतल्या बाईंचा श्वास कोंडत होता. त्यांच्या नवऱ्याशी तूच बोलत होतास. बाईंची ओळ सगळ्यांत वर होती. तू बोट उचललंस, आणि ते काचेला टेकायच्या आधी कुठून तरी तिसरा फोन आला, दुखणं ठरेपर्यंत नवा फोन सगळ्यांत वर दिसतो, म्हणून यादी एक घर खाली सरकली आणि तुझं बोट त्या नव्या ओळीवर पडलं. गाडी निघाली. तू नवऱ्याला सांगितलंस, गाडी निघालीय, धीर धरा. तू खोटं बोलला नव्हतास. गाडी खरंच निघाली होती. ती भलत्याच दारात पोचली तेव्हा सगळं कळलं आणि तोवर उशीर झाला होता.

चौकशीत त्यांनी निष्काळजीपणा असा शब्द वापरला आणि तू खाली मान घालून सही केलीस. मी धावत तुझ्या खोलीवर आले होते. आठवतंय, तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास आणि दिव्याला कागद गुंडाळला होतास. मी कॉटच्या कडेला बसून तुला सगळं समजावून सांगितलं. बोट उचलल्यापासून टेकेपर्यंत डोळा काय बघतो, हात एकदा निघाला की मध्येच का थांबवता येत नाही, जगात असं कुठेकुठे घडलंय. ही चूक तुझी नाही, असं मी किती वेळा म्हणाले असेन. तू ऐकून घेतलंस. मग उठून बसलास आणि म्हणालास, "ताई, एक बाई गेल्या. मला माझी चूक तरी माझी राहू दे." त्यानंतर तू गाव सोडलंस, आणि जिथे एकही पडदा नाही अशा ठिकाणी कपाटं आणि पलंग उचलायला लागलास. मला तेव्हा तुझं म्हणणं समजलं नाही. आजही पूर्ण समजलंय असं म्हणणार नाही. मला जे येत होतं ते मी दिलं, आणि तुला ते नको होतं, एवढंच.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कुणी कळवलं नसणार. मी कक्षाकडे परवानगी मागितली, की ती यादी मला तपासू द्या. सख्खी बहीण म्हणून त्यांनी मला दारातच अडवलं. बरोबरच होतं त्यांचं. मग माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते काम अंगावर घेतलं. त्या जेमतेम बोलतात आणि कुणाची भीड ठेवत नाहीत. त्यांनी कक्षातल्याच चांगल्या, जुन्या, नावाजलेल्या लोकांना खोटे फोन देऊन त्या पडद्यापुढे बसवलं. जवळजवळ प्रत्येकाचं बोट कधी ना कधी चुकलं. अर्ध्यांना तर आपण चुकलोय हे कळलंही नाही. बाईंनी वर सांगितलं, बोट काचेजवळ असेपर्यंत यादी जागची हलू देऊ नका, नवा फोन बाजूला वेगळा दाखवा, गाडी सोडण्याआधी पत्ता मोठ्याने वाचून घ्या. वरच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचं म्हणणं पडलं की दोषी माणूस गेलाय, प्रश्न मिटलाय. मग प्रत्येक पडद्यावर एक लाल चिठ्ठी चिकटवली: लक्षपूर्वक दाबा. एक दिवसाचं शिबिर घेतलं, फोटो काढले आणि झालं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी सकाळपासून दोनदा पेन ठेवून उठले. ढब्बू, ते पुन्हा घडलं. गेल्या महिन्यात, भर सकाळी, त्याच कक्षात. नवीन लागलेली मुलगी होती. हृदय बंद पडलेल्या एका गृहस्थांसाठी निघालेली गाडी मनगट मुरगळलेल्या माणसाकडे गेली. गृहस्थांची बायको रस्त्यावर येऊन उभी होती, गाडीला घर सापडावं म्हणून. ती तिथेच उभी राहिली. या वेळी वर्तमानपत्रवाले पोचले, माझ्या ऑफिसातल्या त्या बाई सगळीकडे बोलल्या, आणि कक्षाच्या साहेबांनी मला स्वतः फोन करून बोलावलं. मी पहिल्यांदा ती खोली पाहिली. वाटली होती त्याहून लहान आहे. खिडकी नाही, गालिचा खुर्च्यांपाशी विरलेला. ज्या तरुणाने पडदा दुरुस्त केला तो मला दाखवत होता. यादी आता जागची हलत नाही. मी विचारलं, किती वेळ लागला? तो म्हणाला, फार नाही मॅडम, दुपारी जेवण झाल्यावर बसलो आणि चहापर्यंत झालं. मी खरी ठरले होते. लोक अभिनंदन केल्यासारखं बोलत होते माझ्याशी. मी बाहेर आले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. दोन माणसं आणि एक दुपार.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पडदा दुरुस्त झाल्याचं तुला कळवून तुझं काय हलकं होणार आहे? काल मी त्या मुलीच्या घरी गेले होते. तिच्या आईने बोलावलं होतं, की पोर खोलीबाहेर येत नाही, तुम्ही यातल्या जाणकार आहात, तुम्ही समजावा. खोलीत पडदे ओढलेले, ताटावर ताट झाकून ठेवलेलं. मी जमिनीवर तिच्याशेजारी बसले. या वेळी मी काहीच समजावलं नाही. डोळा कसा बघतो आणि हात का थांबत नाही, त्यातलं अक्षरही काढलं नाही. मग तिने विचारलं, "मॅडम, आधी ज्यांच्याकडून असंच झालं होतं म्हणतात, ते आता कसे आहेत? त्यांना जेवण जातं का?" ते माझे कोण लागतात, हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. कारण सांगितलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू जेवतोस का, ढब्बू? रात्री झोप लागते का? अख्ख्या जगात तिला जे विचारायचंय ते फक्त तुलाच माहीत आहे, आणि मला वाटतं, तुलाही ते विचारणारं दुसरं कुणी मिळायचं नाही. तू तिला खोटा धीर दे असं मी म्हणत नाही. जेवण जात नसेल तर नाही जात म्हणून सांग. पण ये. मुकादमाला मी विचारलंय, तो रजा देतो म्हणाला. तिला मी एवढंच सांगून आले आहे की त्यांना विचारून सांगते. ती वाट बघते आहे.

तुझीच,
ताई