शवपेटीवर ठेवायच्या चाव्या

व्हिबोर्ग, ४ नोव्हेंबर १६१२

चि. हिलेबोर्ग हिस अनेक आशीर्वाद.

यॉर्गन गेल्याचं कळलं. तुझा नवरा माणूस वाईट नव्हता, शुद्धीवर असला म्हणजे. तुझा दीर ओट्टे इथे येऊन गेला. आमचे खारवलेले मासे फस्त करता करता म्हणाला, की वहिनी शहाणी असेल तर अंत्यविधीला गढीच्या चाव्यांचा जुडगा शवपेटीवर ठेवेल, हक्क सोडेल आणि माहेरची वाट धरेल. तुझ्या औषधांच्या खोलीत तो शिकारी कुत्री बांधणार आहे.

बाई गं, ठेवून टाक. विधवा ठेवतातच. चर्चमध्ये शोभा नको. इथे तुझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे, खिडकी जरा लहान आहे इतकंच.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई, ब्रिगिट

लिंडरूप, १३ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न.

मला मोठ्या खिडकीची सवय आहे. तुझं पत्र आलं तेव्हा कुळांच्या पोरी खोकल्याचा काढा गाळत होत्या, बाटल्यांवरची नावं स्वतः वाचत होत्या. ओट्टेच्या कुत्र्यांचं सांगितलं तशी एकीनं विचारलं, की बाईसाहेब, कुत्र्यांना वाचता येतं का? म्हटलं, आधी ओट्टेला वाचता येऊ दे.

काल अंत्यविधीला पाद्रीबुवांनी नम्रतेवर इतकं लांबण लावलं, की वाटलं यॉर्गनच उठून बाहेर जाईल. मग सगळे माझ्या कमरेकडे बघू लागले. मी जुडगा सोडला. ओट्टेनं हात पुढे केला. मी एकच चावी काढून पेटीवर ठेवली, बिअरच्या तळघराची. मोठ्यानं म्हटलं, की ह्यांनी आयुष्यात एवढीच मागितली, ती सोबत न्यावी. बाकी गढी मी चालवली, त्या चाव्या माझ्याच कमरेला राहतील.

कायदाही तेच म्हणतो: जिनं जुडगा ठेवला नाही, तिनं घर सोडलं नाही. ओट्टे मृताच्या अपमानाबद्दल ओरडू लागला, तेव्हा मागच्या बाकांवरच्या बायका उठल्या आणि आपापल्या चाव्या खुळखुळवू लागल्या. त्याचं पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

माया आहे तशी ठेव, सल्ला जरा कमी कर.
हिलेबोर्ग

व्हिबोर्ग, २६ नोव्हेंबर

चि. हिलेबोर्ग, आशीर्वाद देऊ की कान उपटू? दोन्ही घे.

तुझ्या पत्राआधी बातमी इथल्या बाजारात पोचली. तुझ्यासाठी झाडलेल्या खोलीत आता सफरचंदं ठेवली आहेत. माझ्या कारेननं हट्ट धरलाय, की मावशीकडे काढे शिकायला जायचं. बर्फ पडायच्या आत पाठवते.

आमचे हे आठवडाभर तुला नावं ठेवत होते. काल जेवताना मात्र तळघराची चावी आपणहून माझ्या ताटाशी ठेवली. म्हणाले, की तुझ्याकडेच असू दे, पण माझ्या पेटीवर नको.

लोभ वाढव, आवाज मात्र उतरवू नकोस.
ब्रिगिट