खिडकीतल्या कुंडीचा मान

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. (गेल्या तीन महिन्यांत तुला आमच्या ऑफिसातून चार पत्रं आली. ती ‘महोदया’ अशी सुरू होत होती आणि खाली ‘आपला विश्वासू’ म्हणून साहेबांची सही होती. ती मीच लिहिली होती. तेव्हा आधी नमस्कार घे, मग रागव.) खोकला कसा आहे असं विचारत नाही. आपली भिंत एकच आहे, त्यामुळे तो मला माझ्या टेबलापर्यंत रोज ऐकू येतो. तुझा भाचा इकडे मजेत आहे. मजेत का आहे ते सविस्तर लिहितो.

आमच्या भट्टीत गावभरचा कचरा जळतो हे तुला वेगळं सांगायला नको, तुझ्या दोरीवरच्या चादरी सांगतातच. चिमणीच्या अलीकडे एक मोठी खोली आहे. तिच्यात धूर गाळणाऱ्या चारशे कापडी पिशव्या टांगलेल्या असतात, दोन पुरुष उंचीच्या. पिशव्या धड असल्या तर विषारी धूळ त्यांच्यात अडकते, फाटल्या तर ती तुझ्याकडे मुक्कामाला येते. चिमणीत एक नळी असते. ती धुराचा घोट घेऊन आतल्या यंत्राला पाजते, यंत्र आकडा काढतं आणि तो फाटकावरच्या पाटीवर झळकतो. हिरवा असला की हवा छान, लाल असला की नाही. यंत्राची देखभाल आणि तुझ्या तक्रारींची उत्तरं ही दोन्ही खाती माझ्याकडे. (एकाच माणसाकडे का, तर साहेबांच्या मते दोन्हीला शांत स्वभाव लागतो.)

तीन महिन्यांपूर्वी पिशव्या फाटल्या आणि पाटी लाल झाली. मी नव्या पिशव्यांची मागणी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्याच दिवशी नळी काजळीनं तुंबली, म्हणून मी ती चिमणीतून सोडवून साफ केली आणि टोक क्षणभर साहेबांच्या खिडकीतल्या गुलाबाच्या कुंडीत टेकवलं. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, की मागच्या घरातल्या बाईंची सातवी तक्रार आली आहे, उत्तर आजच्या आज गेलं पाहिजे. (मागच्या घरातल्या बाई म्हणजे तू.) मी उत्तर लिहायला बसलो आणि नळी विसरलो. तेव्हापासून यंत्र साहेबांच्या थंडगार केबिनमधला गुलाब हुंगत होतं. पाटी हिरवीगार. ‘आपल्या तक्रारीस आमचे आकडे दुजोरा देत नाहीत’ असं मी तुला लिहिलं ते अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, हे तेवढं मनात ठेव.

आकडे इतके चांगले आले की साहेबांनी पिशव्यांची मागणी रद्द केली. चांगल्या हवेला गाळायचं काय? मग वरून पत्र आलं, आमची चिमणी सगळ्यांत स्वच्छ ठरली. ढाल मिळाली, फोटो निघाला. फोटोत ढालीची डावी बाजू धरून हसणारा मी आहे, आणि मागे जो करडा पडदा दिसतो तो पडदा नव्हे. पलीकडच्या पोलादाच्या कारखान्याचे मॅनेजर वही घेऊन शिकायला आले. त्यांच्या भट्टीचा धूर विटकरी रंगाचा असतो, तो आमच्यासारखा स्वच्छ कसा करायचा असं विचारत होते. साहेब म्हणाले, सगळं शिस्तीवर अवलंबून असतं. त्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं. आता त्यांचे कामगार रोज सकाळी रांगेत उभे राहतात. धूर विटकरीच आहे, पण शिस्तीत निघतो.

गेल्या आठवड्यात साहेब दोन दिवस रजेवर गेले आणि कुंडीला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. पानं बाजूला केली तर खाली नळी. आत्या, तीन महिने तू खोकत होतीस आणि मी तुला आकडे पाठवत होतो. मी लगेच नळी चिमणीत बसवली. पाटी इतकी लाल झाली की वॉचमनला वाटलं आग लागली. त्यानं घंटा वाजवली आणि सगळे मैदानात जमले. दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी केबिनमध्ये जाऊन सगळं कबूल केलं.

“तीन महिने यंत्र नीट चालत होतं,” ते म्हणाले. “तू हात लावलास आणि बिघडलं. चूक कुणाची?”

“साहेब, ते आता धूर मोजतंय.”

“तेच म्हणतोय मी. मोजत नव्हतं तेव्हा कुणाला काही त्रास होता का?”

(भिंतीपलीकडून नेमकी तेव्हाच तू खोकलीस. साहेबांनी खिडकी लावून घेतली.) मग मेकॅनिक बोलावला. अनुभवी माणूस. त्यानं नळी चिमणीतून काढून पुन्हा कुंडीत ठेवली, पाटी हिरवी झाली, आणि त्यानं वहीत ‘दोष दूर केला’ असं लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. आता नळी कुंडीला तारेनं पक्की बांधली आहे, म्हणजे कुणी विसरून जागेवर बसवायला नको.

तरी घरचा माणूस म्हणून सांगतो, चादरी आतच वाळत घाल. ऑफिसचा माणूस म्हणून कळवतो, की हवा उत्तम आहे.

तुझा भाचा

ता. क. तू माझी सख्खी आत्या आहेस हे साहेबांना कळलं आहे. तिला गोडीगुलाबीनं समजावून सगळ्या तक्रारी मागे घ्यायला लाव, असं सांगून त्यांनी मला आज अर्धा दिवस आणि हा कागद दिला आहे. त्यांना दाखवायचं पत्र मी वेगळं लिहिलं आहे. त्यात तू फार समजूतदार आहेस.

पुन्हा ता. क. तक्रारी मागे घेऊ नकोस. अकरावी लिही. पण आमच्याकडे पाठवू नकोस, उत्तर मलाच लिहावं लागेल. सरळ तपासणी खात्याकडे पाठव. चादरीबद्दल, खोकल्याबद्दल काही लिहू नकोस, तपासायला आलेल्यांना साहेब आकडे दाखवून परत पाठवतात. एवढंच लिही, की यंत्राची नळी कुठे जाते ते डोळ्यांनी पाहावं. हे तुला कुणी सांगितलं असं विचारलं तर माझं नाव सांग.

शेवटचा ता. क. तुझी मागची खोली अजून रिकामी आहे ना? नोकरीबरोबर कंपनीचं घरही जातं. तिची खिडकी चिमणीकडे उघडते हे मला माहीत आहे. नव्या पिशव्या बसेपर्यंत ती बंद ठेवू आणि दोघं मिळून खोकू.