कमलताईंचा स्वेटर

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

दारात गुलाल उडतोय आणि मला तो स्वेटर आठवतोय. अविश्वास ठराव एका मतानं पडला, मी सरपंच राहिले. लेक म्हणाली, "आई, तू सातवाहनांच्या राणीवानी टिकलीस." कसली राणी! फुटू नयेत म्हणून माझे सदस्य महाबळेश्वरला सहलीला नेऊन ठेवले होते. एकट्या कमलताईंना वगळलं. बौद्धवस्तीतल्या, त्या फुटतील, असं मीच ठरवलं. का, ते इथंही लिहवत नाही.

सहलीवालेच दोघं फुटले. कमलताई माझ्या बाजूनं राहिल्या.

त्यांच्या घरी पेढे घेऊन गेले, तर उंबऱ्याशी भरलेली पिशवी.

"कुठं निघालात?"

"कुठं न्हाय, ताई. सहलीला न्यायला तुमची गाडी येईल म्हणून भरली हुती."

वर तो स्वेटर. नवा. लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.