चार सेकंद ग्रॉनियाचे, बाकी इसूफचे

माझ्या हृदयाची एक झडप बदलावी लागणार, असे काल दुपारी डॉक्टरांनी सांगितले. माझा मुलगा पियूष याने फोनवर शोधून त्याला दुजोरा दिला. पुण्यात अठ्ठावीस वर्षे वृत्तपत्राची रविवार पुरवणी काढल्यामुळे दोन सूत्रांनी सांगितलेले मी खरे धरते.

म्हणून मी, शोभना गुरुनाथ पळसुले, वय वर्षे सदुसष्ट, राहणार क्लोनडॉकिन, डब्लिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. नादुरुस्त भाग त्याच्या बराच खाली आहे. दडपण कोणाचेही नाही, शस्त्रक्रियेच्या तारखेचे सोडून. आधीचे मृत्युपत्र रद्द करते. त्यात सगळे गुरुनाथांना दिले होते. त्यांनी ते घ्यायला थांबायची तसदी घेतली नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पियूषला. गॅरेजही, पण त्यातली नाचासाठी अंथरायच्या काळ्या व्हायनिलची गुंडाळी वगळून. "आई, त्या कार्पेटपायी माझी गाडी दहा वर्षं पावसात उभी आहे," हे त्याचे म्हणणे नोंदवून ठेवते. ते कार्पेट नाही.

२. नात रेवती हिला माझे तालमीचे स्टॉपवॉच. "आजी, फोनमध्ये असतं ते," असे तिने इंग्रजीत कळवले आहे. तरी घ्यावे.

३. ती काळी गुंडाळी आणि तालमींच्या माझ्या तीन वह्या इसूफ त्राओरे, नर्तक, राहणार बोबो-दिउलासो, बुर्किना फासो, याला. कारण लिहिणे भाग आहे, कारण चूक माझी आहे.

इथे आल्यापासून मी नर्तकांच्या तालमींच्या नोंदी ठेवते आणि त्यांची माहितीपत्रके लिहिते. गेल्या वर्षी वसंतात इसूफ आणि पश्चिम आयर्लंडातल्या कासलबारची नर्तकी ग्रॉनिया मोरन यांनी मिळून नाच बसवायचा होता. करोनाने विमाने बंद झाली. इसूफने अंगणात फोन उभा केला आणि 'दार' हे नृत्य ग्रॉनियाला एकेक पाऊल शिकवले. ती तिकडे रिकाम्या हॉलमध्ये, मी इकडे स्वयंपाकघरात वही घेऊन. त्या कॉलच्या चित्रणात अकराव्या मिनिटाला इसूफ एक हात वर करून चार सेकंद दगडासारखा थांबलेला दिसतो. ग्रॉनियाने तो थांबा महिनाभर घोटला. डिसेंबरात तिने एकटीने नाच केला, तो इंटरनेटवर दाखवला गेला. माहितीपत्रकात मी त्या थांब्याला 'दोन खंडांमधले मौन' म्हटले. एका समीक्षकाला रडू आले.

दुसऱ्या दिवशी इसूफचा फोन. तो मला ताँती म्हणतो, म्हणजे मावशी. "ताँती, सुंदर झालं. पण तिथे मी थांबत नाही. तिथे माझं नेट अडकलं होतं."

इथवर हसण्यासारखे आहे. पुढचे नाही. अनुदानाच्या अर्जावर नृत्यरचनाकारासाठी एकच रकाना होता आणि त्यात ग्रॉनियाचे नाव होते. माहितीपत्रक पाठवायला वीस मिनिटे उरली असताना मी ते तसेच उतरवले: 'नृत्यरचना: ग्रॉनिया मोरन. सहभाग: इसूफ त्राओरे.' छत्तीस मिनिटांचा अख्खा नाच रचणारा माणूस सहभागी! जणू हळदीकुंकवाला आला होता. आयुष्यात मी शुद्धिपत्र छापायचे कधी टाळले नाही, हे टाळले.

येत्या सप्टेंबरात दोघे डब्लिनच्या रंगमंचावर एकत्र नाचणार आहेत आणि नवे माहितीपत्रक मलाच लिहायचे होते. नावे बदलू या, असे म्हटल्यावर ग्रॉनिया उसळली. "मग माझं काय उरलं, शोभना? चार सेकंद?"

"लोक त्यातच रडले," मी म्हणाले. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

४. कोणती हालचाल कोणत्या दिवशी कोणी आणली, हे वह्यांत तारखेनिशी आहे. त्यानुसार माझी साक्ष अशी: 'दार'ची रचना इसूफची. अकराव्या मिनिटाचा थांबा ग्रॉनियाचा. तो कोणी काढू नये, इसूफनेसुद्धा, त्याचे नेट सुधारले तरी.

५. माझ्या अंत्यविधीला भरतनाट्यम नको. मला ते येत नाही, हे इथल्या लोकांना दहा वर्षे सांगते आहे.

इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. शेजारी गिरीश याचा माझ्या कुकरवर डोळा होता. त्याने कुकरवर पाणी सोडले. ग्रॉनियाला मी काहीच ठेवलेले नाही, म्हणून दुसरी साक्षीदार ती. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. तरी आज बागेत, दोन मीटर लांबून, मी तिला सगळा इंग्रजीत वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाला तिने तोंड फिरवले. चौथ्यानंतर विचारले, "नेट सुधारलं तरी?"

"तरी."

"पेन दे."

"थांब बाई, आधी मी सही करायची असते."

शस्त्रक्रिया नऊ जूनला आहे. विलगीकरण संपवून इसूफने चौदाला तालमीला येणे अपेक्षित आहे. माहितीपत्रक अठराला छपाईला जाईल. मी नसले तर ते ग्रॉनिया पाठवेल, आणि रचनाकार म्हणून इसूफचे नाव त्यात ती स्वतः घालेल, असे तिने आत्ताच सांगितले. गिरीशनेही ते ऐकले. म्हणजे सूत्रे दोन झाली.

(सही) शोभना गुरुनाथ पळसुले

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना शोभनाताईंनी वरील सही केली. ती पाहून आम्ही आमच्या सह्या केल्या.

(सही) गिरीश दीनानाथ वर्टी, क्लोनडॉकिन
(सही) ग्रॉनिया मोरन, कासलबार

क्लोनडॉकिन, डब्लिन
२९ मे २०२१