मोठा टॅब ठेवा

पप्पा,

टेबलावर दोन टॅब आहेत. दुकानदाराने संध्याकाळपर्यंत वापरून बघायला दिलेत. माझं विचाराल तर मोठा ठेवा. छोटा हाताला हलका आहे, पण तुम्हाला दिसेल इतकं अक्षर मोठं केलं की ओळीत तीनच शब्द मावतात. माणूस बायबल वाचणार की नुसतं सरकवत बसणार? मोठ्यावर वचनाच्या बाजूला पेनाने टिपणं लिहिता येतात, तळहात टेकला तरी चालतं. जड वाटला तर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवा.

जेवण झाकून ठेवलंय. सकाळी तुम्ही पुन्हा दोन कप काढलेत. एक मी आत ठेवला.

आणखी एक. दोन्हींत माझंच खातं घातलंय, त्यामुळे मी फोनवर वाचताना जिथे थांबले होते तिथेच बायबल उघडतं. हॉस्पिटलमध्ये आईला वाचून दाखवत होते ते स्तोत्र. अर्धं झालंय. मला ते पुढे नेववलं नाही आणि बंदही करवलं नाही.

उरलेलं तेवढं तुम्ही वाचून टाका. मी घरी यायच्या आत.