मुकादमाचा पट्टा

ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नको नको म्हणत असताना मी कुत्रा आणलाच. पिल्लू नाही, चांगला थोराड आहे. प्राण्यांच्या आश्रयघरात बाकीचे जाळीला लागून भुंकत होते. हा एकटा मागे बसून, कोण काम करतंय आणि कोण चुकवतंय ते टिपत असल्यासारखा पाहत होता. मी तिथेच त्याचं नाव मुकादम ठेवलं.

घरात अगदी गुणी. अडचण एकच, पट्टा लावला की चारही पाय रोवून उभा. मी पट्टा मुठीला गुंडाळून घट्ट धरतो. तुला ठाऊकच आहे, माझा जन्म अवजड यंत्रं उचलण्यात गेला. आमच्या धंद्यात दोर सैल पडला की खालचा माणूस गेलाच म्हणून समज. हमालीपासून स्वतःची क्रेन घेईपर्यंत हा एकच धडा गिरवला. पण इथे मी जेवढं ताणावं तेवढा हा मागे रेलतो. परवा उचलून तीन मजले खाली नेला, तर ओल्या पोत्यासारखा रस्त्यात पसरला. तसाच उचलून वर आणला. वॉचमनने विचारलं, साहेब, नक्की कोण कोणाला फिरवतंय?

त्यामुळे त्याचं सगळं गॅलरीत चालतं. सकाळी मी धुतो, पण दिवसभर ते तुझ्या भावजयीच्या गळ्यात पडतं, आणि तिचे गुडघे कसे आहेत हे तू जाणतेस. तिने सांगून टाकलंय, महिनाअखेरपर्यंत तो आपल्या पायांनी जिना उतरला नाही तर परत पाठवायचा. तिचं चूक म्हणवत नाही. पण आश्रयघरातल्या बाई म्हणाल्या की परत आलेला मोठा कुत्रा सहसा पुन्हा कोणी नेत नाही. ते ऐकल्यापासून घास गोड लागत नाही. तू बालवाडीत एवढी पोरं वळवलीस, काही सुचलं तर कळव.

भावजींना नमस्कार. रागावली असशील तर रागाव, लोभ मात्र कापू नकोस.

तुझा
धाकटा

ता. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, याने कुत्रा आणलाय की बॉयलर? मी हसले, पण पुढचं वाचून हसू विरलं.

अरे, पहिल्या दिवशी दारात लोळण घेणारी पोरं मी ढिगाने पाहिली. ओढलं की पोर ओढाओढीलाच जुंपतं, आत काय आहे ते बघायचं राहूनच जातं. म्हणून मी कोणाचं मनगट धरलं नाही. आपलं बोट पुढे करायचं आणि वाट पाहायची. ज्याला धरायचं तो धरतो. तूही असाच चालायला शिकलास, आणि फार उशिरा शिकलास. सांगू का तुझ्या कामगारांना?

इथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, रस्ता विसरा, आधी घरातच पट्टा अडकवून सोडून द्या. तुमच्या नजरेसमोर तो मागे पट्टा ओढत हिंडू दे, त्याच्यासकट खाऊ दे. मग टोक नुसतं हातात घ्या. पट्टा ताणला की तुम्ही उभे राहा. सैल झाला की शाबासकी, एक तुकडा, आणि पुढचं पाऊल. घाई तुझ्या अंगात आहे, तेवढी कपाटात ठेव.

वहिनीला म्हणावं, गुडघे शेक. तुझी खुशाली कळत राहू दे, एवढंच मागणं.

तुझी
ताई

ता. २७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन मी स्वयंपाकघर ते गॅलरी येरझारा घालायचो. पण हाताची खोड जाईना. पट्टा जरा लोंबला की मूठ आपोआप आवळायची. शेवटी पट्ट्याची मूठ नुसती करंगळीत अडकवली. करंगळीने कोणी ओझं ओढत नाही.

मग एक गोष्ट कानावर आली. पट्टा सैल असला की गळ्यातली कडी बारीक किणकिणते, ताणला की गप्प होते. क्रेनच्या साखळीतून तो आवाज आला की मी आयुष्यभर माणसं मागे हटवली. आता तोच ऐकायला कान टवकारून चालतो.

काल सकाळी दार उघडलं. मुकादम पहिल्या पायरीशी थबकला. मी दोन पायऱ्या खाली बसलो आणि वाट पाहिली. वरचे मास्तर खाली जाताना म्हणाले, किल्ली विसरलात का? मी मान हलवली. मुकादमाने एक पाय खाली टाकला, परत घेतला. पायरी हुंगली, माझ्याकडे पाहिलं. मला वजनं कळतात ताई. त्याच्या अंगातलं वजन मागच्या पायांवरून पुढे सरकायला लागलं, ते मला दिसलं. आजवर जे हललं ते मी हलवलं म्हणून हललं. यंत्र असो, माणूस असो, माझं नशीब असो. काल पहिल्यांदा एक वजन माझ्या डोळ्यांदेखत आपल्या मनाने निघालं, आणि माझ्या दिशेने आलं. कडी वाजत होती.

तिन्ही मजले उतरलो. दिव्याच्या खांबाशी त्याने इतका वेळ काढला की मीही तो खांब नीट पाहिला. एवढी वर्षं त्याच्याजवळून जातोय, त्याला हिरवा रंग आहे हे माहीत नव्हतं.

बाकी हिला लिहायचंय म्हणते. तुझी माया आहे, तिला धक्का न लागो.

तुझा
धाकटा

ता. क. वन्सं, सा. न. वि. वि. आश्रयघरातल्या बाईंना मी आजच फोन केला. त्याला न्यायला गाडी आणू नका म्हटलं, यायचं तर चहाला या. संध्याकाळी मीही यांच्याबरोबर गेले. लग्न झाल्यापासून आम्ही बाहेर पडलो की हे पुढे आणि मी मागे, हाका मारत. यांना हळू चालताच येत नाही अशी माझी समजूत होती. आज त्या कुत्र्याच्या चालीने आम्ही तिघं एका ओळीत चाललो, अख्खा रस्ता अडवून. मागे सायकलवाला घंटी वाजवून थकला. हे काही हलले नाहीत, आणि मीही नाही.